चौथ्या गिअरचा आवाज

११ जानेवारी २०२५, शनिवार

श्रीरंगदादा लाल गाडी विकणार आहेत. किंमत मी काढून द्यायची आहे.

दुपारी त्यांनी अधारतालच्या घरी बोलावलं. मला वाटलं, नेहमीसारखे बागेतले मुळे द्यायचे असतील. तर शेडचं दार सताड उघडं आणि गाडीवरचं कापड घडी करून बाजूला ठेवलेलं. म्हणाले, "अवंती, हिची किंमत काढ. खरी. एक रुपया जास्त नको, एक कमी नको."

"दादा, मी तपासणी विभागात आहे. गाड्यांची दलाल नाही."

"म्हणूनच तुला सांगून राहिलो ना. दलाल इथं पोत्यानं पडले आहेत."

घेणारा ठरलेला आहे. डॉ. अंबरीश म्हणून हाडांचे डॉक्टर, वर्षभरापूर्वी नागपूरहून इथे जबलपूरला आलेले. ते पाच लाख द्यायला तयार आहेत आणि दादा घ्यायला तयार नाहीत. कारण पाच हा आकडा कुठून काढला, हे डॉक्टरांना सांगता आलं नाही! दुसरा कुणी असता तर मी हसले असते. पण बावीस वर्षांपूर्वी मी सरकारी फॅक्टरीत लागले तेव्हा मायक्रोमीटर कसा धरायचा हे मला याच माणसानं शिकवलं. आता निवृत्ती घेतली म्हणून माणूस बदलत नाही.

मुदत रथसप्तमीपर्यंत, म्हणजे ४ फेब्रुवारी. त्या तिथीला अर्चनावहिनींना जाऊन दोन वर्षं होतील. गाडी दोघांनी मिळून घेतलेली. तिथीच्या आत ती मार्गी लावावी असं त्यांना वाटतं, ते मला समजतं.

हो म्हणून आले. आता वाटतंय, हे मला येतं का? नीट येत नसताना हो म्हणणं हाही एक प्रकारचा खोटेपणाच.

१२ जानेवारी, रविवार

सकाळी नऊ ते एक गाडीखाली आणि गाडीभोवती. कंबर धरली आहे.

दोन सीटांची, उघड्या छपराची, फायबरच्या बॉडीची गाडी. दक्षिणेकडच्या एका छोट्या कंपनीनं अशा थोड्या गाड्या काढल्या आणि दुकान बंद केलं. ही २००८ची. दादा-वहिनींनी २०१२ मध्ये बदली झालेल्या एका मेजरकडून घेतली. तेव्हा लोक पोरांना खांद्यावर बसवून बघायला यायचे. वहिनी ओढणी डोक्याला गच्च बांधून चालवायच्या आणि दादा शेजारी दाराची कडी धरून बसायचे.

अडचण अशी की हिला बाजारभावच नाही. चार लोकांनी चार गाड्यांना काय दिलं त्यावरून भाव ठरतो. इथे चार गाड्याच नाहीत. इंटरनेटवर सगळ्या देशात मिळून तीन सापडल्या. एकीला इंजिन नाही, एकीला कागद नाहीत आणि तिसरीच्या मालकाला अक्कल नाही, तो बारा लाख मागतो.

डाव्या मडगार्डवर हातभर पॅच आहे. रंग इतका जुळवलेला की डोळ्याला दिसत नाही, नखाला कळतो. वहिनींनी आपल्याच घराच्या फाटकाला ठोकली होती. वहीत लिहावं की नाही म्हणून मी पेन धरून थांबले, तर मागून दादा.

"काहून थांबली? लिही. तिचीच चूक होती. फाटक तर जागचं हललं नव्हतं."

"दादा, वहिनी ऐकतील."

"ऐकू दे ना. दहा वर्षं माझ्या नावावर खपवून राहिली होती."

आणि हसले. मोठ्यानं. वहिनी गेल्यापासून त्यांचं हे हसणं मी ऐकलं नव्हतं. घरी येऊन नवऱ्याला, योगेशला, आधी तेच सांगितलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

आमच्या विभागातल्या स्वप्निलची बदली झाली. त्याची चार्जची यादी माझ्याकडे सहीला आली. हा आमच्याकडचा जुना रिवाज: जाणारा माणूस आपल्या ताब्यातली एकूण एक वस्तू लिहितो. डावीकडे वस्तू, मग संख्या, मग दिल्याची खूण, मग घेणाऱ्याची सही. तळाशी तारीख आणि जाण्याचे ठिकाण. स्वप्निलनं शेवटचा रकाना रिकामा सोडला होता. मी यादी परत पाठवली.

तो तणतणत आला. "मॅडम, सबको पता है मैं कहाँ जा रहा हूँ!"

मी म्हटलं, "काग़ज़ को नहीं पता."

हे वाक्य माझं नाही, दादांचं आहे. रकाना रिकामा ठेवून सही करायची नाही, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा चिठ्ठ्यांचा. हिरवी चिठ्ठी म्हणजे माल पास, लाल म्हणजे नापास, पिवळी म्हणजे थांबवा. पिवळी लागली की जिनं लावली तीच ती काढेपर्यंत माल कुणी हलवत नाही, अगदी मोठे साहेबसुद्धा नाही. तिच्यावर कारण आणि पुन्हा तपासणीची तारीख लिहावीच लागते. पहिल्या वर्षी मी एकदा कारण न लिहिता पिवळी लावली होती. दादांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुझ्या मनात काय आहे हे मालाला कसं कळावं?"

जेवताना योगेश म्हणाला, "एका गाडीची किंमत काढायला आठवडा? आमच्या रेल्वेत एवढ्यात अख्खं इंजिन भंगारात जातं."

"तुमच्या रेल्वेत म्हणूनच गाड्या वेळेवर येतात."

१९ जानेवारी, रविवार

सुशांत मेकॅनिकला घेऊन दादांकडे गेले. त्यानं इंजिन चालू केलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "मैडम, मक्खन है. बेचना काहे को?" दादा म्हणाले, "सँभालनेवाला चाहिए, भैया."

पाणी प्यायला आत गेले तर घर ओळखू येईना. पुस्तकांचं कपाट रिकामं. भिंतीवरचं घड्याळ नाही. दाराशी एक नवी फळी ठोकली आहे आणि तिच्यावर घरातल्या सगळ्या किल्ल्या. प्रत्येक किल्लीला दादांच्या त्या सुरेख अक्षरातली चिठ्ठी: मागचे दार, मीटरची पेटी, दुर्वाची कागदपत्रे, पाण्याचा कॉक. चिठ्ठ्या फॅक्टरीच्या जुन्या नमुन्याच्या आहेत, पिवळ्या. मी बघते आहे हे बघून स्वतःच म्हणाले, "रद्दीत काढल्या होत्या. विचारून आणल्या." तरी मला जरा खटकलंच. रद्दी झाली तरी ती सरकारची रद्दी.

स्वयंपाकाच्या बेबीताई चहा देताना हळूच म्हणाल्या, "ताई, साहेब पुण्याला चालले काय, दुर्वाताईकडे? मिक्सर मला देऊन टाकला. म्हटलं, मग चटणी कशात वाटू? तर म्हणाले, तुझ्याच घरून वाटून आणत जा."

पुण्याला, लेकीकडे! तरीच. मला मनापासून बरं वाटलं. एकटा माणूस एवढ्या घरात कसा राहणार? मला अजून सांगितलं नाही याचं थोडं वाईट वाटलं, पण सांगतील.

सुशांतचं म्हणणं, सुटे भाग मिळत नाहीत, त्यामुळे किंमत कमी धरा. मी म्हणते, सुटे भाग मिळत नसताना गाडी इतकी चांगली राहिली, तर ती कुणाच्या तरी मेहनतीनं. ती मेहनत किमतीत धरायची की नाही?

२२ जानेवारी, बुधवार

कानातल्याचा फासा तुटला म्हणून सुटल्यावर सराफ्यात गेले. दुकानात दादा बसलेले! समोर वहिनींचे दागिने, उजळून ठेवलेले. दादा लाल कागदाच्या पुड्या बांधत होते आणि प्रत्येकीवर नाव घालत होते.

"बरं झालं भेटलीस. घरी यायचा माझा फेरा वाचला. हे तुझं."

वहिनींची मोत्यांची नथ. मी हात मागे घेतले. "दादा, ही दुर्वाची."

"दुर्वाचं वेगळं आहे. नाही म्हणू नको, यादीत आहे."

कसली यादी, ते विचारायचं राहून गेलं. कारण तेवढ्यात दुकानदार एका गिऱ्हाइकाला सांगत होता, "सोने का दाम मिलेगा माताजी, गढ़ाई वापस नहीं मिलती," आणि माझं डोकं तिकडेच लागलं. हेच तर माझं कोडं! दादांची बारा वर्षांची देखभाल ही घडणावळ. ती परत मिळत नाही. पण तिच्यामुळे माल टिकला, त्या टिकाऊपणाचे पैसे मिळायला हवेत. परतीच्या रिक्षात हिशोब सुचला.

नथ घरी आणली खरी. पण ज्या घरच्या गाडीची किंमत काढते आहे त्याच घरून भेट घेणं बरोबर का? पुडी बंद करून कपाटात ठेवली आहे. किंमत देऊन झाल्यावरच उघडेन. योगेश म्हणाला, "तू देवाकडून प्रसाद घेतानाही पावती मागशील."

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून दुपारी दादांबरोबर गाडी चालवून पाहिली. शहपुऱ्याच्या रस्त्यानं. छप्पर उघडं, मी चालवत होते, दादा शेजारी कडी धरून. वाटेत मटारच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची रांग. एका ट्रॅक्टरवाल्यानं ओरडून विचारलं, "बाबूजी, कितने की?" दादा तितक्याच जोरात, "मैडम निकाल रही हैं!"

मोकळा रस्ता लागल्यावर म्हणाले, "चौथा टाक. ऐक. आवाज येतो?"

मी ऐकलं. काही नाही. तीनदा टाकून पाहिलं. "नाही येत."

"नाहीच. पण अर्चना म्हणायची, चौथ्यात आवाज येतो. मग दर रविवारी आम्ही ऐकायला निघायचो. सुशांतनं दोनदा गिअरबॉक्स उघडला. काही नाही. पाच-सहा वर्षांनी माझ्या लक्षात आलं, हिला फिरायला जायचं असायचं. नुसतं चला म्हटलं असतं तर मी म्हटलं असतं, पेट्रोल काहून जाळायचं."

"तुम्ही त्यांना कधी म्हटलं नाही, कळलं म्हणून?"

"काहून म्हणू? आवाज गेला असता ना."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "तू लिही. गिअरबॉक्स निर्दोष."

पाच किलो मटार घेतले. त्यांनी सगळे माझ्या पिशवीत टाकले. मी म्हटलं, अर्धे तुम्हाला. तर म्हणाले, "मला सोलायला वेळ नाही आता. आवरायचं आहे." मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख फेब्रुवारीत होती, तीही रद्द केली म्हणे. मी रागावले. ते म्हणाले, "जेवढं बघायचं तेवढं दिसतं." पुण्यात करतील, तिकडे डॉक्टर बरे आहेत.

आज दादा फार छान होते. गेल्या दोन वर्षांत इतके हलके कधी दिसले नाहीत. सावरले एकदाचे. माणसाला काहीतरी ठरवावं लागतं, मगच तो सावरतो.

२८ जानेवारी, मंगळवार

दुर्वाचा फोन. पुण्याहून. गाडीची किंमत ठरली का विचारत होती. मी म्हटलं, "तू बाबांना तिकडे नेते आहेस हे फार चांगलं केलंस."

"मी? मावशी, मी चार वेळा म्हटलं. ते म्हणतात, मी जबलपूर सोडणार नाही."

"मग आवराआवर कसली चालली आहे?"

"मला म्हणाले, रंग द्यायचा आहे घराला. पण हल्ली खूश असतात ना? मला रोज फोन करतात. लहानपणीच्या गोष्टी सांगतात. तिथीला मी येणार होते, तर म्हणाले, त्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी ये. पाच तारखेला. तिकीटही त्यांनीच काढून पाठवलं."

रंगासाठी मिक्सर कशाला द्यावा लागतो ते कळलं नाही. बेबीताईंनाही तिथीच्या दिवशी सुटी दिली आहे. त्या दिवशी एकटं राहायचं असेल. काही माणसांना दुःख करताना कुणी बघू नये असं वाटतं. मी वहिनींच्या वेळी बघितलं आहे, दादा कुणासमोर रडले नाहीत.

तरी मनात काहीतरी टोचत राहिलं. पाना कमी असला की काम संपल्यावरही हात पेटीत चाचपडत राहतो, तसं. अहवाल लवकर संपवायला हवा. मी उशीर करते आहे हेच टोचत असणार.

३१ जानेवारी, शुक्रवार

झालं. तीन लाख चाळीस हजार. चार पानी अहवाल. पॅच वजा, टायर वजा, देखभाल जमा, प्रत्येक आकड्यासमोर कारण. पुन्हा पुन्हा तपासला. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे इथे लिहून ठेवते, कारण दुसरीकडे म्हणता येत नाही.

दादांना फोन केला. आकडा सांगितला नाही, तो कागदावरच द्यायचा. रविवारी आणते म्हटलं. मग म्हणाले, "शाबास. तुझंच एक राहिलं होतं."

२ फेब्रुवारी, रविवार

जे झालं ते क्रमानं लिहिते.

अकराला पोचले. दादा मागे बागेत वाळलेली पानं गोळा करत होते. "गाडीत कागद आहेत, नोंदणीचा नंबर पडताळून घे, मग दे," असं तिथूनच म्हणाले. मी गाडीत बसले. अहवाल पर्समध्ये. डॅशबोर्डच्या खणातून प्लास्टिकचं पाकीट काढलं. त्यात नोंदणी, विमा, आणि घडी घातलेले दोन मोठे कागद.

चार्जची यादी.

रेघा मारलेली, त्यांच्या अक्षरात. घर: किल्ल्या फळीवर. गॅस: परत केला. बँक: दुर्वा, कागद हिरव्या फायलीत. बेबीताई: मिक्सर, कुकर, पाटल्या. अवंती: नथ. पुस्तके: ग्रंथालय. वर्तमानपत्र: चार तारखेपर्यंत. प्रत्येक ओळीसमोर बरोबरची खूण. एकच ओळ खुणेशिवाय होती. गाडी: अवंतीने किंमत ठरवल्यावर.

घेणार: दुर्वा. तारीख: ४ फेब्रुवारी.

जाण्याचे ठिकाण: तिथे काही नव्हतं.

मिक्सर, ऑपरेशन, पाच तारखेचं तिकीट, "जेवढं बघायचं तेवढं दिसतं". सगळं मी ऐकलं होतं. सगळं या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तीन आठवडे मी नखानं पॅच शोधत होते. आणि ते थांबले होते माझ्यासाठी. माझ्या चार पानांसाठी.

पर्सची चेन बंद केली. आधी योगेशला फोन केला, "आत्ता ये." मग दुर्वाला. काय बोलले ते नीट आठवत नाही. ती एवढंच म्हणाली, "मावशी, तू तिथून हलू नको." मी म्हटलं, मिळेल त्यानं नीघ.

मग फळीजवळ गेले. खालच्या डब्यात कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. एक पिवळी घेतली आणि गाडीच्या स्टिअरिंगला बांधली. सुतळीच्या दोन गाठी मारल्या. माझं नाव घातलं, सही केली. कारणाच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि काही सुचेना. तसाच ठेवला.

दादा हात पुसत आले. "दे. किती काढली?"

"नाही काढली."

"शुक्रवारी तर झाली म्हणालीस." मग त्यांना चिठ्ठी दिसली. चष्मा वर करून वाचली. फॅक्टरीत वाचायचे तशीच, वरून खाली. "कारण लिहिलं नाहीस."

माझ्या हातात यादी होती. ती मी पुढे केली. "तुम्हीही नाही लिहिलं. दादा, कुठे चालले आहात तुम्ही?"

त्यांनी चष्मा खाली घेतला.

"सरळ विचारते. जीव द्यायचं ठरवलं आहे का?"

हे शब्द माझ्या तोंडून आले तेव्हा मला वाटलं, चुकलं असेल तर हा माणूस मला जन्मात माफ करणार नाही. चुकलं असतं तर किती बरं झालं असतं. ते गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "कुणाला काही शोधावं लागू नये, एवढंच बघितलं."

"मला शोधावं लागलं."

"तू वेळ फार लावला, बापा," ते म्हणाले. "आठवड्याभरातच संपवली असतीस तर…" आणि खाली बसले, शेडच्या पायरीवर. मीही बसले. त्यांनी यादी मागितली, मी दिली नाही. चिठ्ठीला त्यांनी हात लावला नाही. मी बघत होते. सुतळी ओढायला एक क्षण पुरला असता, पण लावणारी मी होते.

योगेश आला तो पायजमा आणि मटारची पिशवी घेऊन. म्हणाला, "दादा, हिनं पाच किलो आणून ठेवले आहेत, सोलायला मला एकट्याला लावते. आज इथेच सोलू." दादांनी त्याच्याकडे पाहिलं आणि परात आणायला उठले. परात नव्हती. दिलेली होती. वर्तमानपत्रावर सोलले.

३ फेब्रुवारी, सोमवार

रजा टाकली. आम्ही तिथेच आहोत. सकाळी दादांना मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेलं. वाटेत ते एकच वाक्य बोलले, "रांगेत ओळखीचं कुणी भेटलं तर सांग, गुडघा." डॉक्टर आत एक तास बोलले. गोळ्या माझ्या ताब्यात आहेत. किल्ल्याही.

दुर्वा संध्याकाळी आली. फाटकातून आत येईपर्यंत रडली नाही. मग मडगार्डला टेकून रडली.

मला सारखं वाटतं: मी ओळखलं नाही, फक्त उशीर केला. त्यांचं भलं झालं ते माझ्या हुशारीनं नाही, माझ्या किरकिरीनं. मी इतरांसारखी चटपटीत असते तर? मी चटपटीत कधीच नव्हते, ही गोष्ट वेगळी.

४ फेब्रुवारी, मंगळवार. रथसप्तमी

दिवसभर सगळे घरात. बेबीताईंना सुटी होती, तरी त्या आल्या. मिक्सर घेऊन. "चटणी इथंच वाटते, साहेब. रोज डबा आणायला माझ्याच्यानं होत नाही." दादा दारातून बाजूला झाले. वहिनींच्या तसबिरीला हार घातला. जेवले थोडं.

दुपारी ते शेडकडे गेले. मी मागोमाग. ते गाडीजवळ उभे होते, हात पाठीमागे बांधून, नुसते चिठ्ठीकडे बघत. मला पाहून म्हणाले, "अंबरीशना काय सांगायचं?"

"तपासणी अपूर्ण आहे म्हणून सांगितलं मी."

"केव्हापर्यंत?"

दिवस गेला. एवढंच आज लिहिते, दिवस गेला. उद्याचं माहीत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

कामावर गेले. जाताना आणि येताना रिक्षा दादांच्या घरावरून घेतली. चिठ्ठी जागेवर आहे.

दुर्वानं महिनाभर घरून काम मागून घेतलं आहे. ती म्हणते, बाबा पहाटे उठून बसतात, विचारलं तर काही नाही म्हणतात. डॉक्टर म्हणतात, गोळ्यांना काही आठवडे लागतात, आणि हे आठवडेच जपायचे असतात. अहवाल अजून माझ्या पर्समध्ये आहे. फाडावा असं वाटलं. पण खरा आहे तो.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गेले तर दादा अंगणात, आंघोळ केलेली, स्वेटर घातलेला. शेडचं दार उघडं. धावतच गेले. चिठ्ठी होती. पण कारणाचा रकाना रिकामा नव्हता.

त्यांच्या अक्षरात, जरा वाकडं: चौथ्या गिअरमध्ये आवाज.

मी वळून पाहिलं. ते फाटकाकडे बघत होते. "तुला शिकवलं होतं ना, रकाना रिकामा ठेवू नये," ते म्हणाले. "ऐकून बघावं लागेल. दुर्वाला म्हटलं, तू घरी थांब, दोनच सीटा आहेत."

चौथ्या गिअरमध्ये आवाज नाही. २६ तारखेला मी तीनदा टाकून पाहिला होता. पस्तीस वर्षांत या माणसानं एकही खोटी नोंद केली नाही, आणि मीही आजवर केली नव्हती.

त्यांच्या नोंदीखाली सही केली. पुन्हा तपासणीची तारीख घातली: रविवार, १६ फेब्रुवारी. मग गाडी बाहेर काढली. चिठ्ठी स्टिअरिंगवर तशीच फडफडत होती. शहपुऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर मी चौथा टाकला.